फिदेन्सियोची भिंत

त्या रविवारी फिदेन्सियोने चमचा ताटात आपटला आणि म्हणाला, "ग्रिसेल्डा त्या भिंतीजवळ उभी राहणार नाही. विषय संपला."

विषय संपला म्हणे! आमच्या घरात विषय मी सुरू करते आणि मीच संपवते, हे बाजारातल्या मासेवाल्यांनासुद्धा ठाऊक आहे. पण त्या दिवशी मीही चमचा खाली ठेवला, कारण हा माणूस लेकीवर असा कधी ओरडलाच नव्हता. ओरडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे.

पोर बिचारी केक घेऊन आली होती. खाडीपलीकडच्या अणुवीज केंद्रात ती आठ वर्षं इंजिनियर आहे. तिथली ती मोठी, गोल, बिनखिडक्यांची इमारत, जिच्या पोटात अणुभट्टी असते, तिच्या भिंतीची काळजी घेणं हे तिचं काम. दर दहा वर्षांनी त्या भिंतीची परीक्षा होते. इंधन बदलायला केंद्र बंद ठेवतात, तेव्हा सगळी दारं लावून घ्यायची आणि पंपांनी आत हवा भरायची. आत काही फुटलं तर भिंतीवर जेवढा दाब येईल, तेवढा दाब मुद्दाम आणायचा. बाहेरून माणसं भिंग आणि खडू घेऊन उभी राहतात, कुठे तडा जातो ते बघायला. या वेळच्या परीक्षेची प्रमुख म्हणून ग्रिसेल्डाचं नाव लागलं होतं, म्हणून केक.

आणि ती भिंत बांधली कुणी? तिच्या बापाने. म्हणजे एकट्याने नव्हे, पण भिंतीच्या पोटातल्या सळ्या ज्या चाळीस जणांनी बांधल्या, त्यांचा मुकादम फिदेन्सियो होता. मनगटाएवढ्या जाड सळ्या, आडव्या, उभ्या, तिरप्या, थरावर थर. मी तेव्हा फाटकाबाहेर भात आणि काळ्या घेवड्याचे डबे विकायचे, तिथेच आमचं जमलं. मला वाटलं होतं, लेकीची बातमी ऐकून हा पठ्ठ्या टेबलावर चढून नाचेल.

"का नाही उभी राहणार?" ग्रिसेल्डाने विचारलं.

"मी सांगतो म्हणून."

"बाबा, मी एकोणतीस वर्षांची आहे."

"मग एकोणतीस वर्षांच्या मुलीसारखं बापाचं ऐक."

तिला वाटलं, म्हातारा घाबरलाय. तिने हसून वेळ मारून नेली, उठली, आणि दाराच्या खिळ्याला संत्र्यांनी भरलेली माझी जाळीची पिशवी लटकत होती तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"हे बघा. संत्री म्हणजे आतला दाब, आणि जाळी म्हणजे तुमच्या सळ्या. आता मी यातला एक धागा कापते."

"माझ्या पिशवीला हात लावलास तर याद राख!" मी म्हटलं. तोवर कार्टीने सुरीने धागा कापलासुद्धा.

पिशवी पडली नाही. कापल्या जागेभोवतीचे धागे जरा ताणले गेले, भोक थोडं मोठं दिसायला लागलं, बस.

"शेजारच्या धाग्यांनी ओझं वाटून घेतलं," ती म्हणाली. "स्फोट म्हणजे एक ठोसा असतो, बाबा. ताठ उभा राहिलेला माणूस ठोशाने आडवा होतो, जो जरा मागे झुकतो तो पायांवर राहतो. भिंत तशीच झुकते. दोन-तीन मिलिमीटर फुगते. काँक्रीटला केसासारखे तडे जातात, ते जाऊ द्यायचे असतात, कारण ओढ सळ्यांनी घ्यायची असते. सळ्या ताणतात, ठोशाचा जोर जिरवतात, आणि दाब उतरला की भिंत जागेवर येते. आतून बोटभर जाड पोलादी अस्तर आहे, ते हवेला बाहेर सोडत नाही. आता हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्हीच बांधलंय की!"

फिदेन्सियो पिशवीच्या भोकाकडे बघत होता.

"आणि एका जागी भिंत पोकळ असेल तर?"

"पोकळ कशाला असेल?"

तो उठला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला जातो म्हणून मागच्या अंगणात गेला. दाणे मी सकाळीच टाकले होते.

ग्रिसेल्डा केक न कापताच निघाली. दारात मला म्हणाली, "मला शिकवलंत कशाला मग? घरी बसवून ठेवायचं होतं." डोळे भरले होते तिचे. रडताना कुणी बघितलं की तिला राग येतो, त्या बाबतीत ती माझ्यावर गेलीय. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. फोन करायची तो मला, आणि बापाचं नावही घ्यायची नाही. इकडे हा माणूस दिवसेंदिवस वाळत चालला. गुरुवारी दुपारी तो ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. एकच गाठ त्याने चार वेळा मारली आणि चार वेळा सोडली. मी कोळंबीचं पातेलं घेऊन समोर बसले.

"बोल," मी म्हटलं. "नाहीतर ही सगळी कोळंबी तुझ्या डोक्यावर ओतते."

"काय बोलू?"

"ती भिंत पोकळ कुठे आहे ते बोल."

मी नुसता खडा टाकून पाहिला होता. पण त्याच्या तोंडाचा रंगच उडाला.

"तुला आर्नुल्फो आठवतो?" त्याने विचारलं.

आर्नुल्फो न आठवायला काय झालं! माझ्याकडून रोज दोन डबे घ्यायचा, एक बसून खायचा आणि दुसरा उभ्याउभ्या संपवायचा. एप्रिलमध्ये सळ्यांच्या सांगाड्यावरून पडला आणि गेला. तेवीस वर्षांचा होता.

आमच्याकडे तीन मे हा बांधकामवाल्यांचा दिवस, पवित्र क्रूसाचा. जी इमारत चालू असेल तिच्या माथ्यावर फुलांनी आणि रंगीत कागदांनी नटवलेला लाकडी क्रूस उभा करायचा, फटाके लावायचे, आणि मालकाच्या पैशाने पोटभर जेवायचं. क्रूस नसलेल्या बांधकामावर आमची माणसं चढत नाहीत. सांगून बघा कुणाला.

"त्या वर्षी परदेशी साहेबांनी क्रूस लावू दिला नाही," फिदेन्सियो म्हणाला. "नकाशात नाही ते भिंतीवर नाही, म्हणाले. त्यात आर्नुल्फो आधीच पडलेला. मग पोरं वर चढेनात. मी म्हटलं, थांबा, करतो काहीतरी. देवदाराचा वीतभर क्रूस तासला, पाद्रीबाबांकडून त्याच्यावर पाणी शिंपडून आणलं. जेवणाच्या सुट्टीत एकटाच वर चढलो आणि सळ्यांच्या मधे तारेने बांधून टाकला, बाहेरून दिसणार नाही असा. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट भरलं. पोरांना एवढंच सांगितलं, क्रूसाचा बंदोबस्त झालाय, चढा."

"चढले?"

"चढले. त्यानंतर एकही पडला नाही, ओतिलिया."

"मग इतकं वाईट काय केलंस?"

"अगं, क्रूसाच्या आडव्या हातांखाली काँक्रीट शिरलं नसणार! कालच्या शिकाऊ पोरालाही हे कळतं आणि मी मुकादम होतो. तिथे पोकळी आहे. शिवाय लाकूड कुजतं, म्हणजे ती दर वर्षी वाढत असणार. उद्या आत काही फुटलं तर भिंत तिथूनच जाईल, मी जिथे बांधलं तिथून. आणि आपली पोर त्याच जागेसमोर खडू घेऊन उभी राहायची म्हणतेय."

मी पातेलं उचललं आणि अंगणात भिरकावलं. कोंबड्यांची चंगळ झाली.

"तेहतीस वर्षं!" मी म्हटलं. "तेहतीस वर्षं तू तीन मेला होडी काढून खाडीत पळतोस, आणि मी पाद्रीबाबांना थापा मारते की याचं पोट दुखतंय! बायका मला विचारतात, तुझा नवरा नास्तिक आहे का गं? मीही तुला देवद्वेष्टा, पाखंडी, काय काय म्हटलं! आणि तू ऐकून घेतलंस?"

"मग काय सांगणार होतो?"

"हेच! मला! मला सांगायचं होतंस, मेल्या!"

आणि मी रडले. क्रूसाचा मला राग नव्हता. एका पलंगावर तेहतीस वर्षं झोपून त्याने हे ओझं एकट्याने वाहिलं, आणि मला त्याचा वासही लागू दिला नाही, याचा राग आला. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. रोज सकाळी तो कॉफीचा पेला घेऊन खाडीकडे तोंड करून बसायचा, तेव्हा मला वाटायचं, आपलं काम अभिमानाने बघतोय.

"ग्रिसेल्डाला कळता कामा नये," तो म्हणाला. "तिने बापासाठी लपवलं तर ती माझ्यासारखी होऊन बसेल. लिहून दिलं तर सगळं केंद्र म्हणेल, हिच्या बापानेच केलं."

"आणि नाही कळलं तर ती तशीच तिथे उभी राहील," मी म्हटलं.

तो आत गेला, मयतीला घालायचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला आणि म्हणाला, "बस किती वाजताची आहे?"

ग्रिसेल्डा केंद्राच्या वसाहतीत राहते. दार उघडून आधी तिने माझ्याकडे बघितलं, मग बापाच्या शर्टाकडे. "कोण गेलं?" तिने विचारलं.

फिदेन्सियो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मधे एकदाही थांबला नाही. सगळं झाल्यावर तिने वही ओढली आणि कुणा परक्या कामगाराला विचारावं तसं विचारायला लागली. कुठल्या मजल्यावर? समुद्राच्या बाजूला की डोंगराच्या? पृष्ठभागापासून किती आत? सळ्यांच्या कितव्या थरात? त्याने सगळं पटापट सांगितलं. इंचसुद्धा सांगितले. काल बांधून आला असता तरी इतकं नीट सांगता आलं नसतं.

"बाबा, हे मला लिहून द्यावं लागेल," ती म्हणाली. "तुमच्या नावासकट."

"दे. मोठ्या अक्षरात दे."

तिने वही मिटली. मग तिचा आवाज फुटला. "आठ वर्षं मी रोज त्या इमारतीत जातेय. तुम्ही जाऊ दिलंत मला."

फिदेन्सियोने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले, तळवे वर करून, आणि म्हणाला, "रोज केंद्राची बस माणसांना घेऊन गावात सुखरूप परत येईपर्यंत मी दारात असायचो, पोरी. लाज वाटायची. दुसरं काय सांगू?"

ती मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मी फिदेन्सियोला म्हटलं, हलू नकोस, बैस. ती बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं. तिने तीन पेले कॉफी केली आणि पहिला त्याच्या हातात दिला. त्या दिवशी एवढंच झालं.

सोमवारी त्याला जागा दाखवायला बोलावलं. फाटकावरचा पहारेकरी मला म्हणाला, "सेन्योरा, पास एकच आहे."

"याचा गुडघा माझ्याशिवाय जिना चढत नाही," मी म्हटलं. "माणसाचा पास आहे ना? आता गुडघ्याचा दे."

पहारेकरी हसला नाही, पण मागे उभे असलेले इंजिनियर साल्मेरोन हसले. ग्रिसेल्डाचे वरिष्ठ ते, साठीला आलेले, मिशा पांढऱ्या. त्यांनी माझा पास करवला. आम्हा दोघांना शिरस्त्राणं दिली. माझं सारखं डोळ्यांवर येत होतं.

चार जिने चढून आम्ही भिंतीशी आलो. मी ती पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितली. राखी, थंड, आणि डावीउजवीकडे गोल वळत गेलेली. दीड मीटरच्या वर जाड आहे म्हणतात. फिदेन्सियोने आधी तिच्यावर तळवा ठेवला. मग भिंतीत बसवलेली एक लोखंडी पट्टी शोधली, तिथून बोटाने मोजत वर गेला, मग डावीकडे. न दिसणाऱ्या सळ्या मोजत होता तो.

"इथे," तो म्हणाला.

ग्रिसेल्डाने त्याच्या हातात छोटा हातोडा दिला. त्याने लांबून सुरुवात केली. टण्. टण्. टण्. भरीव, खणखणीत आवाज. हातोडा सरकत सरकत त्याच्या खुणेवर आला आणि ठप्प झाला. मला भिंतींतलं काही कळत नाही, पण तो आवाज वेगळा होता हे मलाही कळलं. फिदेन्सियोने पुन्हा तिथेच ठोकलं, मग पुन्हा. ग्रिसेल्डाने हातोडा काढून घेतला आणि त्याचा हात धरून ठेवला.

मला वाटलं, आता साल्मेरोन ओरडणार. मी तयारीतच होते, एक शब्द जरी वाकडा काढला असता तरी मिशा जागेवर राहिल्या नसत्या. पण ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मुकादम, मागच्या तिन्ही परीक्षांत इथे एक तडा नोंदलाय. केसाएवढाच, हवा उतरली की मिटायचा. बाकीचे तडे सरळ जातात आणि हा वळसा घालून का जातो, ते आम्हाला कुणालाच कळत नव्हतं. मी यावर दोन वर्षं डोकं फोडलंय."

"भिंत गेली असती का?" फिदेन्सियोने विचारलं. तेहतीस वर्षांचा प्रश्न होता तो.

उत्तर ग्रिसेल्डाने दिलं. शनिवार-रविवार बसून तिने आकडे मांडले होते. "नसती गेली. भोवतीच्या सळ्यांनी ओझं उचललं असतं. पण मला 'नसती गेली' एवढ्यावर झोपायचं नाहीये. आपण ते काढणार."

मोठी यंत्रं चालत नाहीत तिथे, म्हणून चार माणसांनी तीन दिवस हळूहळू काँक्रीट फोडलं. वीतभर पोकळी निघाली, आणि त्यात तो क्रूस. लाकूड कुजलं नव्हतं. सिमेंटने त्याला हवाच लागू दिली नव्हती, फळीवर ठेवल्यासारखा कोरडा होता. एका हाताला गुलाबी कागदाचा कपटा चिकटला होता. साल्मेरोननी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर क्रमांक लिहिला. फिदेन्सियोने मागितला नाही आणि त्यांनीही देऊ केला नाही.

मग नव्या बारीक सळ्यांची जाळी बसवायची होती. नियम असा की बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही. म्हणून आमचा मुकादम एका उपड्या बादलीवर बसून तोंडानेच काम करत होता. "दीड पीळ दे, दीड! दोन दिलेस तर तार तुटेल. अरे, बुटाची नाडी बांधतोयस का?" पोरं वैतागली होती आणि ऐकतही होती. शेवटच्या गाठीला ग्रिसेल्डाने पक्कड मागून घेतली. गुडघ्यावर बसली, तार गुंडाळली, पीळ दिला.

"सैल आहे," फिदेन्सियो म्हणाला.

"कुठे सैल आहे?"

"सैल आहे म्हटलं ना. सोड आणि पुन्हा बांध."

प्रमुख इंजिनियरबाईंनी सगळ्यांसमोर गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. फिदेन्सियोने वाकून बघितलं आणि मान हलवली. त्या दोघांना तसं डोक्याला डोकं लावून बसलेलं बघून मी पहारेकऱ्याला पाणी कुठे मिळतं ते विचारायला गेले.

अहवाल झाल्यावर ग्रिसेल्डाने तो आम्हाला घरी आणून दाखवला. 'दोष कोणामुळे' या रकान्यात फिदेन्सियोचं पूर्ण नाव होतं. 'दोष कोणी दाखवला' इथेही तेच. त्याने दोन्ही ठिकाणी बोट ठेवून वाचलं आणि म्हणाला, "बरोबर आहे." गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. न्हावी त्याला म्हणाला, "काय मुकादम, माझं दुकान पण तुम्हीच बांधलंत, आरशामागे कोण पुरलंय?" फिदेन्सियो म्हणाला, "तुझी उधारी देणारी गिऱ्हाइकं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस चारचौघांत उलट बोलला.

आता परीक्षा उरली होती. दाब पूर्ण चढला की दुरुस्त केलेल्या जागेसमोर एका माणसाने भिंग घेऊन तासभर उभं राहायचं असतं. आदल्या दिवशी ग्रिसेल्डा आमच्याकडे मुक्कामाला आली आणि जेवताना तिने सांगितलं की तिथे ती स्वतः उभी राहणार आहे.

फिदेन्सियोचा घास हातातच राहिला. "दुसरं कुणी नाही का?"

"आहे की. होवितासची मुलगी आहे, चोवीस वर्षांची. नुकतीच लागलीय, तिला जे सांगू ते करते. तिला उभी करू?"

मी फिदेन्सियोकडे बघितलं. त्याला होवितास चांगली माहीत आहे, बाजारात आमच्या शेजारीच बसते. त्याने घास खाली ठेवला. मी जीभ दातांखाली धरली, आणि मला ते किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

"नको," तो म्हणाला. "दुसऱ्याची पोर नको. तूच उभी राहा."

सकाळी ती निघाली तेव्हा तो आधीच दारात होता. आमच्याकडे बाहेर पडणाऱ्या लेकराच्या कपाळावर आई अंगठ्याने क्रूस काढते. मी पुढे झाले, तर त्याने मला हाताने मागे सारलं आणि स्वतःच काढला. तिने डोळे मिटून कपाळ पुढे केलं. बस आली आणि ती गेली.

दुपारी तीनला फोन वाजला. भिंतीशेजारी एक टेलिफोन आहे, तिथून बोलत होती. फिदेन्सियोने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. मी त्याच्या कानाला कान लावला.

"बाबा, दाब पूर्ण चढला," ती म्हणाली. मागे पंपांची घरघर ऐकू येत होती. "भिंत दोन मिलिमीटर फुगलीय."

"आणि तो तुकडा?"

"बाकीच्या भिंतीबरोबरच हलला. तडे सरळ जातायत. वळसा नाही."

फिदेन्सियोने डोळे मिटले. "मग आता घरी ये."

"अजून तासभर उभं राहायचंय. मग हवा सोडतील."

"घाबरलीस का?"

"थोडीशी."

"मीसुद्धा," तो म्हणाला. "बरं. तू तुझं काम कर. फोन ठेवू नकोस, नुसता बाजूला ठेव. मी इथे बसलोय."

साल्मेरोन ओरडतील, ती म्हणाली. ओरडू देत, मी मधेच म्हटलं. तिने फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग नुसती पंपांची घरघर. फिदेन्सियो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर फोन कानाला धरून बसला आणि मी त्याच्या शेजारी. तासभर तसेच बसलो. चुलीवरचा घेवडा करपल्याचा वास आला, पण मी काही उठले नाही.